विचारणारे एकतीस, घेणारे सात



मागच्या आठवड्यात थेट विक्रीवरच्या एका प्रशिक्षणाला गेलो होतो. कार्यक्रम चांगला झाला, जेवण पण चांगलं होतं. लोगो कसा असावा, पिशवीवर काय छापावं, पेज कसं काढावं, सगळं सांगितलं. शेवटी एका पोराने उठून विचारलं, "सर, पेज आहे, लाइक येतात, लोक भाव पण विचारतात. पण माल उचलला जात नाही. काय करू?" उत्तर मिळालं, "रीच वाढवा. थोडी जाहिरात टाका."

मला बोलायचं होतं, पण तेवढ्यात आभार प्रदर्शन सुरू झालं. म्हणून इथं लिहितोय. थोडं लांब होईल, जेवून झाल्यावर वाचा.

माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्यापैकी बहुतेकांना अजून ग्राहक शोधायची गरज नाही. जे विचारून गेले ते का गेले, हे आधी शोधायला हवं. पाटाने पाणी सोडलं आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचलं नाही, तर आपण मोटर मोठी घेतो का? आधी पाटाच्या कडेने चालत जातो, उंदराचं बीळ कुठं आहे ते बघतो. विक्रीत मात्र सगळे मोटर मोठी करायला सांगतात.

या प्रकाराला शिकलेली माणसं 'सेल्स फनेल' म्हणतात, म्हणजे नरसाळं. वर बरेच लोक, खाली थोडे गिऱ्हाईक. मला हा शब्द पटत नाही. नरसाळ्यात डिझेल ओतलं तर सगळं खाली टाकीत जातं, वाटेत कुठं जात नाही. आपल्या धंद्यात वाटेतच जातं. पाटच म्हणा.

आता माझा हिशोब सांगतो. यात लपवण्यासारखं काही नाही, उलट पहिल्या वर्षी मी तोट्यात गेलो होतो.

मी मुरबाड तालुक्यातला. खरिपात भात, भात निघाल्यावर ओलीवर वाल, आणि विहिरीच्या कडेला थोडी भेंडी. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कल्याण-डोंबिवलीच्या सोसायट्यांमध्ये भाजी दिली, तसं तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी केलं. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून २०१६ सालीच मोकळा झाला होता, पण खरं दार उघडलं ते लॉकडाऊनने. गेटवर टेम्पो लावला की लोक रांगेत उभे राहायचे. तेव्हा विकायचं काही कौशल्य लागत नव्हतं. माल घेऊन पोचलात, एवढंच पुष्कळ होतं. त्यातून माझ्याकडे २१० नंबर जमले आणि मला वाटलं, आता आपण व्यापारी झालो.

२०२२ च्या खरिपात घरचं खाणं आणि बियाणं सोडून २० क्विंटल भात विकायला होतं. त्या वर्षी साधारण भाताचा हमीभाव २०४० रुपये होता. म्हणजे खरेदी केंद्रावर घातलं असतं तर ४०,८०० रुपये. मी विचार केला की भरडून तांदूळ करू आणि त्याच २१० नंबरांना विकू. २० क्विंटलचा साडेबारा क्विंटल तांदूळ निघाला. ६० रुपये किलोने ७५,०००. भरडाई, निवडणं, पिशव्या, टेम्पो मिळून साडेसतरा हजार खर्च धरला. म्हणजे हातात ५७,५००, केंद्रापेक्षा सोळा-सतरा हजार जास्त. कागदावर झकास. बाबा म्हणाले, "सोसायटीचं कर्ज ३१ मार्चला भरायचंय, तेवढं लक्षात ठेव." मी म्हणालो, तोपर्यंत सगळा जाईल.

गेला नाही. मार्चअखेर ६०० किलो गेला. कर्ज भरायचं होतं म्हणून साडेचार क्विंटल एका दुकानदाराला ४० ने दिला. राहिलेल्या दोन क्विंटलला जूनमध्ये सोंडे लागले. तो चाळून, वाळवून आम्हीच खाल्ला आणि काही कोंबड्यांनी. ३६ आणि १८ मिळून ५४ हजार आले, खर्च वजा जाता साडेछत्तीस. म्हणजे सरळ केंद्रावर घातला असता तर चार हजार जास्त मिळाले असते आणि टेम्पोत बसून माझी कंबर दुखली नसती. बाबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

पण त्याच वर्षी जानेवारीत एक गोष्ट झाली होती. म्हशाच्या जत्रेहून परत आलो. आमच्या भागातल्यांना ठाऊक आहे, तिथं बैल बघायला शंभर जण येतात, दात बघतात, पाठीवर थाप मारतात, चालवून बघतात, आणि घेतो एखादाच. विकणारा मात्र बसल्या जागी सगळं बघत असतो. कोण दात बघून गेला, कोण भाव ऐकून गेला, कोण परत फिरून आला. संध्याकाळी तो बरोबर सांगतो की बैल का गेला नाही. मी घरी येऊन विचार केला, आपण तर हे बघितलंच नाही. त्या रात्री डिसेंबरचा पहिला मेसेज काढला, मेसेज इन्फो उघडलं आणि वही घेऊन बसलो.

२१० जणांना पाठवला. त्यातल्या १२४ जणांना पोचला. ९६ जणांनी उघडला. ३१ जणांनी भाव विचारला. ९ जणांनी मागणी दिली. ७ जणांनी प्रत्यक्ष माल घेतला आणि पैसे दिले.

तुमच्यापैकी ज्यांनी उगवण चाचणी केली आहे त्यांना यात नवीन काही नाही. ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवतो, किती उगवले ते मोजतो, मग पेरा ठरवतो. मी २१० पेरले आणि सात उगवले. असं बियाणं मिळालं असतं तर दुकानदाराच्या दारात जाऊन बसलो असतो. इथं मात्र महिनाभर 'लोकांना चांगल्या मालाची किंमत नाही' म्हणत बसलो.

आता एकेक बीळ सांगतो.

पहिलं तर अगदीच फुकटचं निघालं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये एका वेळी २५६ नंबर टाकता येतात, पण ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर सेव्ह नाही त्याला तो मेसेज जातच नाही. ८६ माणसांना माझा मेसेज मिळालाच नव्हता आणि मी म्हणत होतो की शहरातले लोक बदलले. यावर उपाय काही नाही, प्रत्यक्ष सांगणं एवढंच. पिशवी हातात देताना "ताई, नंबर सेव्ह करा, म्हणजे वालाचा मेसेज येईल" असं म्हणायचं आणि त्यांनी सेव्ह करेपर्यंत तिथंच उभं राहायचं. दहा सेकंद लागतात. वालाचं नाव मुद्दाम घ्यायचं. डोंबिवलीत कडव्या वालाचं बिरडं म्हटलं की माणूस थांबतो. तांदळासाठी कोणी नंबर सेव्ह करत नाही, वालासाठी करतात.

दुसरं बीळ भावाचं. मी मेसेजमध्ये भाव लिहीत नव्हतो. एका मित्राने सांगितलं होतं की भाव लिहू नको, विचारू दे, म्हणजे बोलणं सुरू होतं. बोलणं सुरू व्हायचं, पण कधी? लोक रात्री नऊ-दहाला विचारायचे, तेव्हा मी झोपलेला. सकाळी शेतावर. उत्तर दुपारी एक वाजता जायचं. तोपर्यंत त्या ताईंनी फोनवर दोन बटणं दाबून दुसरीकडून तांदूळ मागवलेला असायचा. जानेवारीत मेसेजमध्येच सगळं लिहिलं: दहा किलोची पिशवी ६०० रुपये, घरपोच, वेगळे पैसे नाहीत, रविवारी सकाळी. गंमत बघा, विचारणारे कमी झाले. एकतीसचे सव्वीस झाले. पण मागणी नऊवरून पंधरावर गेली. नुसते विचारणारे मोजत बसलो असतो तर म्हणालो असतो की मेसेज बिघडला.

हे 'घरपोच, वेगळे पैसे नाहीत' महत्त्वाचं आहे. आधी मी ५८ रुपये किलो सांगायचो आणि शेवटी टेम्पोचे २० रुपये लावायचो. बरोबर तिथं माणूस गप्प व्हायचा. ऑनलाइन खरेदीचा अभ्यास करणारी डेन्मार्कची बेमार्ड म्हणून एक संस्था आहे. त्यांचं वर्षानुवर्षांचं निरीक्षण असं आहे की शंभर जणांनी माल टोपलीत टाकला तर साधारण सत्तर जण पैसे न भरताच निघून जातात. आणि ज्यांना खरंच घ्यायचं होतं त्यांच्या कारणांत सगळ्यात वर असतं शेवटच्या क्षणी वाढलेला खर्च. म्हणजे मोठमोठ्या कंपन्यांचा पाटही तिथंच फुटतो. २० रुपये मोठे नाहीत. पण ते शेवटी निघाले की माणसाला वाटतं, अजून काही निघेल.

रात्रीच्या उत्तरांचं काम आमच्या सौ.नी घेतलं. मी सांगितलं नव्हतं, माझी उत्तरं वाचून त्यांना राग आला म्हणून घेतलं. मी विचारायचो, "किती किलो?" त्यांनी विचारायला सुरुवात केली, "ताई, घरात माणसं किती? भात रोज होतो की एक वेळ?" समोरची बाई सांगते की चार माणसं, रात्री फक्त. मग ह्या सांगतात, "मग दहा किलो पुरे, जास्त घेऊ नका, किडे लागतील." कमी घ्या म्हणणारा विक्रेता शहरात भेटत नाही बहुतेक. ती बाई दहा किलो घेते आणि महिन्याने परत मागते. माझ्या 'किती किलो'ला उत्तर 'कळवते' असं यायचं, आणि मंडळी, 'कळवते' म्हणजे नाही.

तिसरं बीळ सोसायटीच्या गेटवर. मागणी नऊ, घेतले सात. दोघांचं काय झालं? एक काकू देवळात गेल्या होत्या, फोन घरी. दुसरीकडे वॉचमनने ॲपवर नोंद केली, वरून कोणी होकार दिला नाही, आणि मागे स्कूलबस हॉर्न वाजवत होती. मुरबाडहून निघून शहाडच्या पुलावर पाऊण तास अडकल्यावर पुढे शिळ रस्त्याला लागायचं असतं, तेव्हा एका पिशवीसाठी अर्धा तास थांबणं परवडत नाही. आता प्रत्येक सोसायटीत एक घर ठरवलंय. त्या काकू खाली कट्ट्यावर बसतात, पिशव्या त्यांच्याजवळ ठेवतो, लोक आपापल्या वेळेने नेतात. पिशवीवर यूपीआयचा स्टिकर आहे, संध्याकाळपर्यंत पैसे येतात. अजून एकाही घराने बुडवलेलं नाही. काकूंना हंगामात एक पायली वाल आणि पावसाळ्यात शेवळं-काकडं नेऊन देतो. पैसे देऊ केले तर रागावल्या.

घोडबंदर रोडकडची मागणी मी बंद केली हेही सांगतो. तिथून विचारणारे सगळ्यात जास्त होते. पण दहा किलोसाठी तिथं जाणं म्हणजे अर्धा दिवस. आता महिन्यातून एकदा, पंधरा पिशव्या झाल्या तरच. तसं आधीच सांगतो. काही लोक गेले, जाऊ दे. प्रत्येक विचारणाऱ्याला गिऱ्हाईक करायचंच असं नाही.

चौथं बीळ मला सगळ्यात उशिरा दिसलं कारण ते गिऱ्हाइकाच्या कुकरमध्ये होतं. डिसेंबर-जानेवारीचा तांदूळ नवा असतो, पाणी कमी लागतं. शहरातल्या घरात दुकानच्या जुन्या तांदळाच्या सवयीने एकाला दोन वाट्या पाणी घालतात. मग भात गचका होतो. त्या बाई तक्रार करत नाहीत, फक्त परत मागवत नाहीत. एकीने सांगितलं म्हणून कळलं, बाकी किती गेल्या देव जाणे. आता पिशवीत वहीच्या पानाएवढी चिठ्ठी असते: नवा तांदूळ आहे, एका वाटीला दीड ते पावणेदोन वाटी पाणी, आणि आधी थोडाच शिजवून बघा. या चिठ्ठीने माझी परत येणारी मागणी जेवढी वाढली तेवढी दुसऱ्या कशाने वाढली नाही. झेरॉक्सला पन्नास रुपये गेले.

आता ज्यावर आमच्या घरात वाद झाला ते.

डोंबिवली, ठाणे, कुठेही जा, पहिला प्रश्न येतो, "वाडा कोलम आहे का?" माझा तांदूळ बारीक आहे, कोलमच्याच जातीचा, वासाला आणि खायला चांगला. पण मी मुरबाडचा. वाडा तालुका पालघर जिल्ह्यात. २०१४ पर्यंत आम्ही एकाच ठाणे जिल्ह्यात होतो ते सोडा. वाडा कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, ते त्या भागातल्या शेतकऱ्यांचं आहे. शहरात वाडा कोलम नावाच्या पाट्या बघितल्या तर एका तालुक्यात एवढा तांदूळ पिकेल कसा, असा प्रश्न पडतो. पाटी कोणीही लावतो.

मी "नाही, मुरबाडचा आहे" म्हटलं की निम्मे लोक तिथंच संपतात. वहीत तसं लिहिलेलंच आहे. माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं होतं, "एक शब्द लिही, सगळा तांदूळ पंधरा दिवसात जाईल. सगळेच लिहितात. खाणाऱ्याला फरक कळतो का?" आणि ३१ मार्च समोर होता. खरं सांगतो, मी तो मेसेज टाइप केला होता. 'अस्सल वाडा कोलम, थेट शेतातून.' पाठवला नाही.

मी काही मोठा हरिश्चंद्र नाही. कारण साधं होतं. उद्या रत्नागिरीच्या पेटीत कर्नाटकचा आंबा भरून विकतात तेव्हा आपण बोंब मारतो ना? हापूसला २०१८ मध्ये मानांकन मिळालं, त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, पालघर यांच्याबरोबर आपला ठाणे जिल्हापण आहे. आपल्या हापूसचं नाव दुसऱ्याने वापरलं तर चोरी, आणि वाड्याचं नाव आपण वापरलं तर मार्केटिंग, असं कसं? वाड्याचा शेतकरी पण आपल्यासारखाच चिखलात उभा राहतो. शिवाय व्यवहाराचीही बाजू आहे. थेट विक्रीत आपल्याकडे दुकान नाही, जाहिरात नाही, फक्त 'हा माणूस खरं सांगतो' एवढीच पुंजी आहे. तीच घालवली तर मग ॲपवाल्यापेक्षा आपला तांदूळ का घ्यायचा?

भावाला हे पटलं नाही. त्याचं म्हणणं होतं की तत्त्वाने कर्ज फिटत नाही, आणि त्या मार्चमध्ये तो बरोबर होता. दुकानदाराला ४० ने दिलेले साडेचार क्विंटल हा त्या एका न पाठवलेल्या मेसेजचा भाव होता असं तो अजून म्हणतो.

पुढच्या वर्षी आम्ही पाव किलोच्या पुड्या केल्या. 'वाडा कोलम आहे का' विचारलं की सौ. लिहितात, "नाही ताई, मुरबाडचा बारीक कोलम आहे. पाव किलो २० रुपयाला देते, शिजवून बघा, आवडला तर पुढे बोलू." त्या हंगामात वहीप्रमाणे ४० पुड्या गेल्या. त्यातल्या २३ घरांनी नंतर पिशवी घेतली. एवढी उगवण मला दुसऱ्या कुठल्या वाफ्यात मिळाली नाही. २०२३-२४ चा साडेबारा क्विंटल ६५ रुपयाने फेब्रुवारीच्या शेवटी संपला. कर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यात भरलं. दुसऱ्या खेपेला मागणारे पहिल्या वर्षी दोन होते, त्या वर्षी एकतीस झाले. नवीन नंबर मी फार जोडलेच नाहीत.

मधे एक वेबिनार पण केला होता, ९९ रुपयांचा. तो माणूस दीड तास सांगत होता की 'फक्त १० बॅगा शिल्लक' असं लिहा, घड्याळ लावा, लोक घाईत घेतात. शेवटी म्हणाला, पूर्ण कोर्स ९,९९९ ला आहे आणि फक्त १० जागा शिल्लक. मग लक्षात आलं की पाटातलं पाणी आपणच. तांदळात घाई करून काय मिळणार? घाईत घेतलेली पिशवी माळ्यावर पडते, किडे लागतात आणि नाव माझं खराब होतं. दहाच पिशव्या उरल्या असतील तर जरूर लिहा. नसतील तर लिहू नका.

वेबसाइट पण केली होती एकाकडून, तिचं फार सांगत नाही. ईमेल टाका, पासवर्ड ठरवा, ओटीपी टाका, पिनकोड टाका, मग तांदूळ दिसणार. वर्षभरात तिच्यावरून एक मागणी आली, ती माझ्या भाच्याची. त्याने ती चालते का हे बघायला केली होती.

आता इथं वाचणाऱ्या कृषी अधिकारी आणि विद्यापीठातल्या मंडळींना एक विनंती. तुम्हीच आम्हाला आर्थिक नुकसानीची पातळी शिकवलीत. किडी मोजल्याशिवाय फवारणी करू नका, मोजून पातळीच्या वर गेली तरच औषध. मग विक्रीच्या प्रशिक्षणात पहिल्याच तासाला जाहिरातीची फवारणी का सांगता? आधी मोजायला शिकवा. पीक निरीक्षणाच्या वहीसारखी एक वही द्या: किती जणांना पोचलं, किती जणांनी विचारलं, उत्तर किती वेळाने दिलं, किती जणांनी घेतलं, किती परत आले. हंगामभर भरून आणायला सांगा आणि पुढच्या बैठकीत ती वही उघडून बोला. ज्याची गळती पोचण्यातच आहे त्याला पिशवीचा रंग शिकवून उपयोग नाही. ज्याचा भात कुकरमध्ये गचका होतो त्याला रीच वाढवून दिली तर तो आणखी लोकांना गचका भात खाऊ घालील.

आणि सगळ्यांनी हे करावं असं मी म्हणत नाही. रोज रात्री दीड तास फोन, रविवार पूर्ण गेला, टेम्पोचं भाडं, हे धरून बघा. घरात उत्तर देणारं माणूस नसेल तर खरेदी केंद्र किंवा व्यापारी बरा. व्यापाऱ्याला शिव्या देणं मी त्या वर्षीपासून कमी केलंय. तो एका फेरीत वजन करतो आणि माल नेतो, त्याची किंमत मला टेम्पोत बसल्यावर कळली. तांदूळ आणि वाल थांबतात, म्हणून मला वही भरून चुका सुधारायला वेळ मिळाला. भेंडीत तो वेळ नाही. ती एक दिवसाआड तोडावीच लागते, 'कळवते' म्हणणाऱ्या ताईंसाठी ती वेलावर... झाडावर थांबत नाही, जून होते. म्हणून भेंडी अजून कल्याणच्या मार्केटलाच जाते, पहाटे चारला, मिळेल त्या भावाने.

या वर्षी भेंडीची शनिवारची एकच तोडणी आगाऊ मागणीवर द्यायचा विचार आहे, अर्धा-अर्धा किलोच्या पुड्या, तांदळाच्याच टेम्पोत. शहापूरकडे किंवा अंबरनाथकडे कोणी असं करत असेल तर सांगा: शुक्रवारी किती वाजता मागणी बंद करता, आणि मागवून न घेणारे शंभरात किती निघतात? मला वही सुरू करायला तेवढा एक आकडा पाहिजे.